गाडीच्या नंबरावरून घराचा पत्ता: अमेरिकी कायद्यात गुप्तहेरांना मिळालेलं दार

पुढच्या गाडीची नंबर प्लेट वाचायची सवय आपल्या सगळ्यांनाच असते. एमएच-१२ म्हणजे पुणे, एमएच-०९ म्हणजे कोल्हापूर. गाव कळलं की आपलं काम संपतं. पण त्या नंबरामागे आरटीओत एक नोंद असते आणि तिच्यात मालकाचं नाव असतं, राहता पत्ता असतो. नंबर कुणालाही दिसतो, नोंद मात्र कार्यालयात असते. या दोघांमधलं दार कुणासाठी उघडायचं, यावरून अमेरिकेत तीस-पस्तीस वर्षं वाद चालू आहे. त्या दाराशी सर्वात चिकाटीने उभे राहिलेले लोक म्हणजे खासगी गुप्तहेर, आपण ज्यांना डिटेक्टिव्ह म्हणतो ते.

तिथे आरटीओचं काम डीएमव्ही नावाचं खातं करतं. प्रत्येक राज्याचं आपापलं. न्यू जर्सीसारख्या काही राज्यांत त्याचं नाव वेगळं आहे, काम तेच. अमेरिकेत आधारसारखं देशभराचं ओळखपत्र नाही. त्यामुळे गाडीचं लायसन्स हेच ओळखपत्र म्हणून चालतं, आणि गाडी न चालवणारा माणूसही ओळखपत्रासाठी याच खात्याच्या रांगेत उभा राहतो. म्हणजे जवळजवळ प्रत्येक प्रौढ माणसाचं नाव, पत्ता, जन्मतारीख, फोटो, कधीकधी शारीरिक व्यंगाची नोंद हे सगळं तिथे एका जागी जमा असतं. आणि पत्ता बदलला की तो कळवणं कायद्याने बंधनकारक असतं. माणूस शोधणाऱ्याच्या दृष्टीने यापेक्षा चांगली वही नाही.

ही वही एकेकाळी आपल्या सातबाऱ्यासारखी होती. गावातल्या कुठल्याही गटाचा सातबारा कुणीही काढू शकतो, ‘तुम्हाला कशाला हवाय’ असं विचारत नाहीत. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या तीसहून अधिक राज्यांत गाडीच्या नोंदींचं तसंच होतं. खात्यात जायचं, नंबर सांगायचा, थोडी फी भरायची, मालकाचं नाव-पत्ता घेऊन बाहेर पडायचं. सरकारी नोंद ही जनतेची नोंद, ती उघडी असावी, असा यामागचा विचार होता आणि तो वाईट नव्हता. पण जमिनीचा तुकडा जागचा हलत नाही. घरात राहणाऱ्या माणसाला मात्र कुणापासून तरी लपावं लागू शकतं, हे त्या विचारात धरलं गेलं नव्हतं.

आयोवा राज्यात काही पोरांच्या टोळीने महागड्या गाड्यांचे नंबर टिपले, खात्यातून पत्ते काढले आणि रात्री त्या घरांत चोऱ्या केल्या. गर्भपात केंद्रांबाहेर विरोधक नंबर उतरवून घेत आणि आत गेलेल्या बाईच्या किंवा डॉक्टरच्या घरापर्यंत पोचत. ही उदाहरणं पुढे अमेरिकी संसदेत मांडली गेली. पण सगळं हललं ते एका खुनाने.

१८ जुलै १९८९, लॉस एंजेलिस. रिबेका शेफर ही २१ वर्षांची टीव्ही अभिनेत्री. तिच्या मागे लागलेला १९ वर्षांचा एक मुलगा अॅरिझोनातल्या टूसॉन शहरात राहत होता. त्याने तिथल्या एका खासगी गुप्तहेराला २५० डॉलर दिले. गुप्तहेराने कॅलिफोर्नियाच्या डीएमव्हीतून तिचा पत्ता मिळवला. मुलाने दाराची घंटा वाजवली, ती दार उघडायला आली आणि त्याने गोळी झाडली.

या घटनेतली एक गोष्ट मला सर्वात महत्त्वाची वाटते. पत्ता मिळवण्यासाठी कुणाला कुलूप फोडावं लागलं नाही. लाच द्यायची गरजच नव्हती. नोंद मागितली, नोंद मिळाली. चूक एखाद्या माणसाची असती तर त्याला शिक्षा करून विषय संपला असता. इथे खात्याची रीतच तशी होती, म्हणून रीत बदलावी लागली.

कॅलिफोर्नियाने त्याच वर्षी कायदा करून खात्याकडचा राहता पत्ता गोपनीय ठरवला, आणि १९९० मध्ये पाठलागाला गुन्हा ठरवणारा अमेरिकेतला पहिला कायदा तिथेच झाला. पण पन्नास राज्यांत पन्नास नियम. सिनेटर बार्बरा बॉक्सर यांनी १९९३ मध्ये वरिष्ठ सभागृहात आणि व्हर्जिनियाचे प्रतिनिधी जिम मोरन यांनी कनिष्ठ सभागृहात देशभरासाठी कायदा पुढे रेटला. तो एका मोठ्या गुन्हेगारीविरोधी विधेयकाला जोडला गेला आणि १३ सप्टेंबर १९९४ रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या सहीने मंजूर झाला. नाव ‘ड्रायव्हर्स प्रायव्हसी प्रोटेक्शन अॅक्ट’. राज्यांना तयारीसाठी तीन वर्षं मिळाली.

कायद्याचा सांगाडा सोपा आहे. आधी म्हटलं आहे की वाहनचालकाची वैयक्तिक माहिती कुणालाही द्यायची नाही. मग म्हटलं आहे की खालील कारणांसाठी देता येईल. ती कारणं चौदा आहेत. सरकारी कामकाज, गाडीत दोष निघाला तर मालकाला कळवणं, कोर्टाचं काम, विम्याचे दावे, ओढून नेलेल्या गाडीच्या मालकाला नोटीस, संशोधन, अशी ती यादी. आणि तिच्यात आठव्या क्रमांकावर लिहिलं आहे: परवानाधारक खासगी तपास संस्था किंवा परवानाधारक सुरक्षा सेवा.

गुप्तहेराच्या हातून गेलेल्या पत्त्यामुळे एका मुलीचा जीव गेला, त्यातून कायदा जन्माला आला, आणि त्याच कायद्यात गुप्तहेरांचं नाव घेऊन एक ओळ आहे. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला राग आला होता. नंतर ती ओळ नीट वाचली. ती नुसतं ‘गुप्तहेरांना द्या’ असं म्हणत नाही. ती म्हणते, परवानाधारक गुप्तहेराला ‘या यादीत मान्य असलेल्या कुठल्याही कारणासाठी’ द्या. या शेवटच्या शब्दांवर सगळं अवलंबून आहे. म्हणजे गुप्तहेर असणं हे स्वतः कारण नव्हे. खिशात परवाना आहे म्हणून माहिती मिळत नाही. उरलेल्या तेरांपैकी एक कारण त्याच्याकडे असावं लागतं. वकिलाने कोर्टाच्या कामासाठी नेमला असेल तर चालेल, विमा कंपनीने दाव्याच्या तपासासाठी नेमला असेल तर चालेल. ‘ही बाई सध्या कुठे राहते ते शोधून द्या’ एवढंच सांगणाऱ्या गिऱ्हाइकासाठी चालणार नाही.

फोटो, सोशल सिक्युरिटी नंबर (सरकारने माणसाला दिलेला, ओळख म्हणून सगळीकडे चालणारा क्रमांक) आणि वैद्यकीय माहिती यांच्यासाठी तर आठवी ओळ पुरतच नाही. ती माहिती कायद्याने आणखी आतल्या कप्प्यात ठेवली आहे, आणि माणसाच्या लेखी संमतीशिवाय तो कप्पा उघडणारी कारणं फक्त चार आहेत. गुप्तहेराला तिथवर जायचं तर कोर्टाच्या किंवा विम्याच्या कामाचा दाखला लागतो. उलट अपघात, वाहतुकीचे दंड, लायसन्स चालू आहे की रद्द, या गोष्टी कायद्याने ‘वैयक्तिक माहिती’ मानलेल्याच नाहीत.

कागदावर हे बरंच शहाणपणाचं आहे. मग गुप्तहेर इतकी वर्षं कशासाठी झगडतात, आणि लोक त्यांना का विरोध करतात?

आधी गुप्तहेरांची बाजू सांगतो, कारण ती सहसा कुणी नीट सांगत नाही. गुप्तहेर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे नवरा-बायकोच्या मागावर फिरणारा माणूस येतो. अमेरिकेतल्या या धंद्याचा मोठा भाग कोर्टाभोवती फिरतो. आपल्याकडे समन्स बजावायला कोर्टाचा बेलीफ येतो. तिथे अनेक राज्यांत कागद बजावण्याचं काम खासगी माणसं करतात. प्रतिवादीने घर बदललं असेल तर नवा पत्ता शोधायचा कुठून? चुकीच्या दारावर कागद लागला तर भलत्याच माणसाला त्रास होतो आणि खऱ्या प्रतिवादीविरुद्ध त्याच्या नकळत एकतर्फी निकाल लागतो. एखाद्याला धडक देऊन गाडी पळाली आणि साक्षीदाराने नंबर टिपला, तर जखमी माणसाच्या वकिलाला मालक शोधावाच लागतो.

आणि सर्वात वजनदार मुद्दा फौजदारी खटल्यांचा आहे. सरकारी पक्षाच्या मागे पोलीस असतात आणि पोलिसांना डीएमव्हीची वही चोवीस तास उघडी असते. आरोपीच्या बाजूने कोण असतं? पैसे नसलेल्या आरोपीला सरकारी खर्चाने वकील मिळतो आणि तो वकील तपासासाठी गुप्तहेर नेमतो. घटनेच्या रात्री तिथे उभ्या असलेल्या गाडीच्या मालकाने काहीतरी पाहिलं असेल, आणि त्याची साक्ष आरोपीला निर्दोष ठरवू शकत असेल, तर त्या मालकापर्यंत पोचायचा रस्ता फक्त पोलिसांकडेच असावा का? मला वाटतं, नसावा. वही सगळ्यांना बंद करा असं म्हणणाऱ्यांनी या आरोपीला काय सांगायचं, याचं उत्तर आधी शोधायला हवं.

या बाजूसाठी भांडणाऱ्या संघटना आहेत. देशपातळीवर १९७५ मध्ये स्थापन झालेली ‘नॅशनल कौन्सिल ऑफ इन्व्हेस्टिगेशन अँड सिक्युरिटी सर्व्हिसेस’, आणि राज्याराज्यांत आपापल्या. लॉबिंग हा शब्द आपल्याकडे ऐकला की टेबलाखालचा व्यवहार आठवतो. तिथे ते उघडं, नोंदणीचं काम आहे. कुणी, कुणासाठी, कुठल्या विधेयकावर प्रयत्न केले हे सरकारदरबारी जाहीर करावं लागतं. गुप्तहेरांच्या संघटना औषध किंवा तेल कंपन्यांसारख्या धनाढ्य नाहीत. सभासद बहुतेक एकट्या-दुकट्याने धंदा करणारे, पुष्कळजण निवृत्त पोलीस. त्यांची ताकद पैशापेक्षा पाळतीत आहे. कुठल्या राज्यात गोपनीयतेचं कुठलं विधेयक येतंय यावर ते डोळा ठेवतात, आमदाराच्या कार्यालयात जातात, वर सांगितलेली उदाहरणं देतात आणि विधेयकात एक वाक्य घालून मागतात: ‘हे कलम परवानाधारक तपासनीसाला लागू नाही.’ पूर्ण कायदा पाडायचा हट्ट ते क्वचितच धरतात. एक ओळ पुरते.

ही एक ओळ किती मोलाची असते ते कोलोरॅडोत दिसलं. १९९४ च्या कायद्यात शब्द आहे ‘परवानाधारक’. ज्या राज्यात गुप्तहेराला परवानाच लागत नाही तिथे काय? आपल्याकडे धंदेवाले सरकारी परवान्याच्या कटकटीतून सुटायला बघतात. तिथे गुप्तहेरांनीच ‘आम्हाला परवाना द्या’ म्हणून आग्रह धरला. कोलोरॅडोत आधी ऐच्छिक, मग २०१५ पासून सक्तीची परवाना पद्धत आली. पुढे राज्यपालांनी ती चालू ठेवायला नकार दिला आणि २०२१ मध्ये ती संपली. परवाना गेला की आठव्या ओळीतला हक्कही डळमळतो, हे गुप्तहेरांच्या लगेच लक्षात आलं होतं.

आता दुसरी बाजू. कायदा म्हणतो कारण हवं. पण कारण खरं आहे की नाही हे तपासतं कोण?

प्रत्यक्षात आज फारच थोडे गुप्तहेर डीएमव्हीच्या खिडकीवर जातात. मधे माहितीचे घाऊक व्यापारी आहेत. ते राज्यांकडून नोंदी घेतात, दुसऱ्या पन्नास ठिकाणांहून आणलेल्या माहितीशी जुळवतात आणि वर्गणीदारांना ऑनलाइन शोधायची सोय देतात. गुप्तहेर लॉगिन करतो, नंबर टाकतो. पडद्यावर कारणांची यादी उघडते: कोर्टाचं काम, विमा, फसवणूक रोखणं वगैरे. त्यातलं एक निवडायचं, बटण दाबायचं. पत्ता समोर. १९९४ साली ज्या प्रश्नावर संसदेत चर्चा झाली, तो प्रश्न आता दोन सेकंदांत सुटतो आणि उत्तर देणारा विचारणाराच असतो.

न्यूयॉर्कमधलं एक प्रकरण याच यादीचं होतं. एका माणसाला एका गाडीच्या मालकाचा माग काढायचा होता. त्याने डॉक्युसर्च नावाच्या संकेतस्थळावर नंबर दिला आणि कारण निवडलं ‘विमा – इतर’. विम्याशी त्याचा काही संबंध नव्हता. माहिती मिळाली, आणि मग ज्याची माहिती गेली त्याच्या नातेवाइकांना त्रासाचे फोन सुरू झाले. तो कोर्टात गेला. २०१३ मध्ये तिथल्या केंद्रीय अपील कोर्टाने सांगितलं की माहिती पुढे विकणाऱ्याने नुसतं निवडलेलं कारण मान्य करून भागणार नाही, त्याने वाजवी चौकशी करायला हवी. कागदोपत्री हा मोठा विजय होता. पण लक्षात घ्या, तो मिळायला त्या माणसाला आपली नोंद कुणी काढली हे आधी कळावं लागलं.

हे संकेतस्थळ त्याआधीही कोर्टापुढे आलं होतं. न्यू हॅम्पशर राज्यातल्या नॅशुआ गावी एक विशीतली तरुणी राहत होती. शाळेपासून तिच्यामागे वेडा झालेल्या एकाने १९९९ मध्ये डॉक्युसर्चकडून ४५ डॉलरला तिचा सोशल सिक्युरिटी नंबर घेतला आणि मग १०९ डॉलरला तिच्या नोकरीचं ठिकाण. नोकरीचं ठिकाण कळावं म्हणून तिला खोटं नाव-कारण सांगून फोन केला गेला होता. १५ ऑक्टोबरला ती कामावरून बाहेर पडत असताना त्याने तिला गोळ्या घातल्या आणि स्वतःलाही संपवलं. ही माहिती गाडीच्या नोंदीतून आलेली नव्हती, हे स्पष्ट सांगायला हवं. पण २००३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने जे म्हटलं ते सगळ्याच गुप्तहेरांना लागू आहे. माहिती विकल्यावर पाठलाग होऊ शकतो, ओळखचोरी होऊ शकते, हा धोका आधीच दिसण्यासारखा आहे. म्हणून जिची माहिती विकली जाते त्या तिसऱ्या व्यक्तीच्या बाबतीतही गुप्तहेरावर काळजी घेण्याचं कर्तव्य आहे. तोवर गुप्तहेर फक्त पैसे देणाऱ्याला बांधील असतो असा समज होता.

रिबेका शेफरनंतर दहा वर्षांनी, कायदा झाल्यानंतर पाच वर्षांनी हे झालं. १९८९ सारखंच, गिऱ्हाइकाला ‘का हवंय?’ असं कुणी खरोखर विचारलं नाही.

राज्य सरकारं या भांडणात पंच नाहीत, हेही सांगायला हवं. नोंदी विकून त्यांना पैसे मिळतात. दक्षिण कॅरोलिनाने १९९४ च्या कायद्याला आव्हान दिलं, तेव्हा केंद्राला आमच्या खात्यात ढवळाढवळ करता येत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. जानेवारी २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नऊच्या नऊ न्यायमूर्तींच्या एकमताने ते फेटाळलं. या नोंदी म्हणजे बाजारात विकला जाणारा माल आहे आणि अशा मालाच्या आंतरराज्य व्यापारावर केंद्राला नियम करता येतात, असा त्याचा आधार होता. त्याच निकालपत्रात विस्कॉन्सिन राज्याला नोंदींच्या विक्रीतून वर्षाला सुमारे ८० लाख डॉलर मिळत असल्याचा उल्लेख आहे. २०१९ मध्ये पत्रकारांनी काढलेल्या कागदपत्रांतून कॅलिफोर्नियाच्या खात्याचा आकडा वर्षाला पाच कोटी डॉलरच्या वर असल्याचं बाहेर आलं. खात्याचं म्हणणं असं की हा नफा नव्हे, काम चालवायच्या खर्चाची वसुली. त्याच कागदपत्रांत असंही दिसलं की अनेक राज्यं थेट खासगी गुप्तहेरांना नोंदी देत होती, आणि काही ठिकाणी एका नोंदीची किंमत एक सेंट इतकी कमी होती.

वकीलही कारणांची यादी ताणून बघतात. दक्षिण कॅरोलिनातच काही वकिलांनी मोटार विक्रेत्यांविरुद्धच्या खटल्यासाठी हजारो खरेदीदारांचे पत्ते ‘कोर्टाचं काम’ म्हणून घेतले आणि त्यांना ‘आमचे अशील व्हा’ अशी पत्रं पाठवली. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं की गिऱ्हाईक गोळा करणं म्हणजे कोर्टाचं काम नव्हे. गुप्तहेरांसाठी हा निकाल अडचणीचा होता, कारण त्यांचं बरंचसं काम वकिलांच्याच नावावर चालतं. नऊपैकी चार न्यायमूर्तींना मात्र वकिलांचं म्हणणं पटलं होतं. कारणांच्या यादीतले शब्द किती सैल आहेत ते यावरूनच कळावं.

मग दार बंदच केलं तर? गुप्तहेरांच्या संघटना एक इशारा देतात: सरळ रस्ता बंद झाला की चोरवाट सुरू होईल. हा इशारा पोकळ नाही. ब्रिटनमध्ये गाडीच्या नोंदी गुप्तहेरांसाठी इतक्या मोकळ्या नव्हत्या. तिथल्या माहिती आयुक्तांच्या कार्यालयाने एका गुप्तहेराच्या घरी छापा घातला आणि जप्त झालेल्या वह्यांतून चोरट्या माहितीचा अख्खा बाजार सापडला. २००६ मध्ये आयुक्तांनी जो अहवाल काढला त्यात दरपत्रकच छापलं आहे. गाडीच्या नोंदीसाठी ती फसवून काढून आणणाऱ्याला ७० पौंड, आणि गिऱ्हाइकाकडून १५० ते २०० पौंड. गिऱ्हाइकांत मोठमोठ्या वर्तमानपत्रांचे पत्रकार होते. परवाना नाही, कारण लिहिलेलं नाही, कोर्टात दाखवायला कागद नाही.

म्हणून ‘गुप्तहेरांना द्यायचं की नाही’ या प्रश्नावर मी फार अडकत नाही. परवानाधारक माणसाला, खऱ्या कामासाठी, द्यावं. मला खटकतं ते दुसरंच. ज्याची नोंद काढली जाते त्याला कधीच, कुठल्याही टप्प्यावर, कळत नाही.

कायद्यात अर्धी सोय आहे. माहिती पुढे विकणाऱ्याने कुणाला आणि कशासाठी दिली याची नोंद पाच वर्षं ठेवली पाहिजे आणि मागितल्यास खात्याला दाखवली पाहिजे. गैरवापर झाला तर माणूस दावा करू शकतो आणि त्याला किमान २,५०० डॉलरची भरपाई मिळू शकते. पण ही नोंद बघायचा हक्क खात्याला आहे. ज्याची माहिती आहे त्याला नाही. चोरी झाल्याचं ज्याला कळतच नाही त्याने तक्रार कशाची करायची?

कळलं तर काय होतं हे मिनेसोटात दिसलं. तिथल्या एका माजी महिला पोलिसाला शंका आली की आपली नोंद कुणीतरी उगाच बघतंय. राज्याच्या यंत्रणेत कोण, कधी, कुणाची नोंद उघडतो याची आपोआप टिपण होत होती, आणि तिने विचारल्यावर ती बाहेर आली. १०० हून अधिक पोलिसांनी तिची माहिती ४०० हून अधिक वेळा उघडली होती. तपास म्हणून नव्हे, नुसत्या उत्सुकतेपोटी. तिने याच १९९४ च्या कायद्याखाली दावे केले आणि गावोगावच्या प्रशासनांनी मिळून तिला दहा लाख डॉलरपेक्षा जास्त भरपाई दिली. यात एकही गुप्तहेर नव्हता. ज्यांच्या हेतूवर कायद्याने शंकासुद्धा घेतली नव्हती, त्याच पोलिसांकडून हे झालं. आणि उघडकीला आलं ते एका टिपणवहीमुळे.

आपल्याकडे सातबाऱ्यावर फेरफार होणार असला की तलाठी संबंधितांना नोटीस काढतो, हरकतीसाठी मुदत देतो. आपल्या नोंदीला कुणी हात लावत असेल तर आपल्याला कळवलं पाहिजे, ही कल्पना गावच्या चावडीत जुनी आहे. गाडीच्या नोंदीलाही तेच लावावं, असं माझं मत आहे. गुप्तहेर यावर आक्षेप घेतील आणि तो रास्त आहे: ज्याला समन्स बजावायचं आहे त्याला आधी नोटीस गेली तर तो पळून जाईल. मग नोटीस उशिरा द्या. नव्वद दिवसांनी द्या, कोर्टाने सांगितलं तर आणखी पुढे ढकला. पण कधीतरी एक पत्र यावं: अमुक तारखेला, अमुक कारणासाठी, अमुक परवाना क्रमांकाच्या व्यक्तीने तुमचा पत्ता घेतला. प्रामाणिक गुप्तहेराचं यात काही बिघडत नाही. ज्याने ‘विमा – इतर’ वर बोट ठेवून वेळ मारून नेली, त्याला मात्र पुढच्या वेळी बोट ठेवताना विचार करावा लागेल.

आपल्या वाहनांच्या नोंदींचं काय, हे विचारणं ओघाने आलंच. देशभरच्या गाड्यांच्या नोंदी ‘वाहन’ आणि लायसन्सच्या ‘सारथी’ या संगणकीय भांडारांत आहेत. मार्च २०१९ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने, म्हणजे नागपूरच्या नितीन गडकरींच्या खात्याने, या नोंदी घाऊक द्यायचं धोरण आणलं. व्यापारी संस्थेला वर्षाला तीन कोटी रुपये, शिक्षणसंस्थेला पाच लाख. गोपनीयतेच्या चिंतेमुळे जून २०२० मध्ये ते धोरण मागे घेतलं गेलं. नोंदी विकून शंभर कोटींच्या वर रुपये जमा झाल्याचं नंतर संसदेत सांगण्यात आलं. एमपरिवहन अॅपवर गाडीचा नंबर टाकला तर आता मालकाच्या नावातली बरीच अक्षरं फुल्यांनी झाकलेली दिसतात.

आणि गुप्तहेर? २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी मोबाईलच्या कॉल नोंदी बेकायदा विकणारं जाळं उघडकीला आणलं, तेव्हा त्यात काही खासगी गुप्तहेरांनाही अटक झाली होती. सुरक्षारक्षक पुरवणाऱ्या संस्थांसाठी आपल्याकडे २००५ चा कायदा आहे. गुप्तहेर संस्थांना परवाना देणारं विधेयक २००७ मध्ये राज्यसभेत मांडलं गेलं, समितीकडे गेलं आणि कायदा न होताच राहून गेलं. त्यामुळे उद्या कुणी अमेरिकेतली आठवी ओळ आपल्या कायद्यात घालायची म्हटली, तरी ती पहिल्याच शब्दावर अडेल. ‘परवानाधारक’ गुप्तहेर आपल्याकडे अजून अस्तित्वातच नाही.